पाठलाग हा प्राणघातक बळाचा वापर आहे

पोलिसांनी वाहनांचा पाठलाग कधी करावा आणि कधी थांबवावा, याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे गुन्हेगारांना दिलेले अभयदान होय, हे मत अमेरिकेत गेल्या काही वर्षांत इतके बळावले आहे की त्याला विरोध करणाऱ्याने आधी आपण पोलिसविरोधी नाही हे सिद्ध करावे, अशी अपेक्षा धरली जाते. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये पाठलागाची मुभा प्रामुख्याने हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांपुरती व मोजक्या अन्य प्रसंगांपुरती ठेवली; तीनच वर्षांत, २०२४ मध्ये, नागरिकांच्या सह्यांनिशी विधिमंडळापुढे आलेल्या प्रस्तावाने ती मर्यादा काढून टाकली. त्याच वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ई’ मंजूर करून पाठलागाचे नियम सैल केले. न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने आधी कडक केलेले धोरण २०२२ मध्ये मोटारचोऱ्यांचे कारण पुढे करून शिथिल केले, आणि एडिसनच्या आसपास स्थायिक झालेली मराठी कुटुंबे ज्या रस्त्यांवरून मुलांना शाळेत सोडतात त्या रस्त्यांनाही तो बदल लागू झाला. न्यूझीलंडने २०२० च्या अखेरीस घेतलेला संयमाचा निर्णय २०२३ मध्ये मागे घेतला. लाट कोणत्या दिशेला चालली आहे हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

या मताची बाजू त्याच्या समर्थकांइतक्याच जोराने मांडली पाहिजे. पोलिसाने थांबण्याची खूण केल्यावर जो थांबत नाही तो कायद्याची सत्ताच धुडकावतो. निरपराध माणूस पळत नाही, त्यामुळे पळणाऱ्याच्या डिकीत किंवा पूर्वेतिहासात काहीतरी गंभीर दडलेले असणार. पाठलाग होणार नाही असे एकदा कळले की प्रत्येक चोर वेग वाढवून निसटेल. पाठलागात कोणी मेले तर त्याचे पाप पळणाऱ्याच्या माथी, पोलिसाच्या नव्हे. आणि रस्त्यावर क्षणार्धात निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे हात कार्यालयात बसून लिहिलेल्या नियमांनी बांधणे हा त्याच्या धैर्याचा अपमान आहे. मराठी वाचकालाही ही मनोवृत्ती परकी नाही, कारण ‘सिनेस्टाईल पाठलाग करून आरोपी जेरबंद’ अशा मथळ्याची बातमी त्याने अनेकदा वाचलेली असते आणि त्या बातमीत, गाड्या भरधाव सुटल्या तेव्हा रस्ता ओलांडत कोण होते, याची चौकशी क्वचितच केलेली असते.

ही चौकशी केली की वरील विधानांचा सगळा जोर ओसरतो. पाठलाग म्हणजे पोलिसाने इशारा देऊनही न थांबता निसटू पाहणाऱ्या वाहनाला गाठण्यासाठी पोलिस वाहनाने त्याच्यामागे लागणे. हे घडते ते सार्वजनिक रस्त्यावर, जिथे तिसऱ्याच कामासाठी निघालेली माणसे असतात. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९६ ते २०१५ या वीस वर्षांत पाठलागांशी संबंधित अपघातांत ७,००० हून अधिक माणसे मेली, म्हणजे सरासरी दिवसाला एक. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश माणसे पळणाऱ्या वाहनात बसलेली होती आणि त्यांत चालकाच्या शेजारी किंवा मागे बसलेल्या, वाहनावर ताबा नसलेल्या प्रवाशांचाही समावेश होता. उरलेल्यांतील बहुतेक माणसांचा ना गुन्ह्याशी संबंध होता, ना पोलिसांशी. ती दुसऱ्या मोटारीत होती, पायी होती किंवा सायकलवर होती. वीस वर्षे रोज एक माणूस मारणारी एखादी औषधाची गोळी किंवा यंत्राचा भाग बाजारात राहू दिला गेला असता काय? पोलिसांच्या बाबतीत मात्र हा आकडा कर्तव्याचा अपरिहार्य खर्च म्हणून मांडला जातो, आणि तो खर्च ज्यांच्याकडून वसूल होतो त्यांची संमती कोणीच घेतलेली नसते.

अमेरिकी कायद्याने हा प्रश्न बंदुकीच्या बाबतीत कधीच सोडवलेला आहे. ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, नि:शस्त्र आणि धोकादायक नसलेला संशयित केवळ पळतो आहे म्हणून त्याच्यावर गोळी झाडता येणार नाही, कारण त्याला पकडण्यात राज्यसंस्थेला असलेला रस त्याच्या जिवाहून मोठा ठरत नाही. त्या खटल्यातील मुलगा पंधरा वर्षांचा होता. मेम्फिस शहरातील एका घरात शिरून दहा डॉलर आणि एक पर्स घेतल्याचा त्याच्यावर संशय होता आणि कुंपणावर चढत असताना त्याला पाठीमागून गोळी लागली होती. गोळी निदान एकाच माणसावर रोखलेली असते. दीड-दोन टनांची मोटार वस्तीतून ताशी १०० मैलांनी, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरनी, धावते तेव्हा ती कोणावर रोखलेली आहे हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग ज्या चोरावर गोळी झाडायला कायदा मनाई करतो त्याच्यामागे, तिऱ्हाइतांनी भरलेल्या रस्त्यावरून, त्याहून बेभरवशाचे साधन सोडायला परवानगी कशी असू शकते? पाठलागाच्या समर्थकांकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि पाठलागाला ‘बळाचा वापर’ न म्हणता ‘वाहन चालवणे’ म्हणत राहिल्यानेच तो प्रश्न आजवर टळत आला आहे.

पाप पळणाऱ्याच्या माथी, हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत आळशीही आहे. पळणारा दोषी असतो, यात वाद नाही. त्याला त्याबद्दल कठोर शिक्षा व्हावी, यातही नाही. परंतु एका माणसाचा दोष सिद्ध झाला की दुसऱ्याची जबाबदारी आपोआप संपते, असे कोणत्या न्यायशास्त्रात लिहिले आहे? पाठलागाला दोन वाहने लागतात आणि त्यांतील एक शासनाचे असते, नागरिकांच्या करातून विकत घेतलेले आणि त्यांच्याच रक्षणासाठी रस्त्यावर आणलेले. सॅक्रामेंटो परगण्यातील २२ मे १९९० ची घटना या संदर्भात तपशिलाने पाहण्याजोगी आहे. भरधाव जाणारी एक मोटारसायकल थांबवण्याचा प्रयत्न झाला. अठरा वर्षांच्या चालकाने दोन पोलिस वाहनांच्या मधल्या फटीतून ती बाहेर काढली आणि एक डेप्युटी, म्हणजे शेरिफच्या खात्यातील अधिकारी, तिच्यामागे लागला. पाठलाग ७५ सेकंद चालला. त्या सव्वा मिनिटात दोन्ही वाहनांनी निवासी भागातून सुमारे १.३ मैल अंतर कापले, वेग ताशी १०० मैलांपर्यंत गेला, दोन मोटारी आणि एक सायकल रस्त्याबाहेर वळवावी लागली, आणि पोलिसांची मोटार मोटारसायकलच्या मागे केवळ १०० फुटांवर होती. त्या वेगाला थांबायला लागणाऱ्या अंतराच्या मानाने शंभर फूट म्हणजे काहीच नव्हे. एका चढानंतर मोटारसायकल आडवी झाली, चालक बाजूला फेकला गेला आणि मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या मोटारीच्या धडकेने मेला. पळायचे की थांबायचे हे त्या मुलाने ठरवले नव्हते. हँडल त्याच्या हातात नव्हते. मूळ गुन्हा वेगमर्यादा मोडण्याचा होता.

‘सॅक्रामेंटो परगणा विरुद्ध लुईस’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये निकाल असा लागला की, अटकेशी संबंध नसलेली इजा करण्याचा हेतू सिद्ध झाल्याखेरीज अशा पाठलागातील मृत्यूबद्दल चौदाव्या घटनादुरुस्तीखाली, म्हणजे कायदेशीर प्रक्रियेविना जीवित हिरावून न घेण्याच्या हमीखाली, पोलिसाला जबाबदार धरता येणार नाही. बेपर्वाई पुरेशी नाही, तिऱ्हाइतांच्या जिवाची संपूर्ण उपेक्षाही पुरेशी नाही, इजा करण्याचा हेतू हवा. जो निकष कोणताही पाठलाग करणारा अधिकारी कधीच भंग करणार नाही, कारण कोणी कोणाला इजा करायच्या हेतूने पाठलाग सुरू करत नाही, तो निकष नसल्यातच जमा आहे. संविधानाने अशा रीतीने हात वर केल्यानंतर नागरिकाच्या संरक्षणासाठी उरतात ती केवळ राज्यांचे कायदे आणि पोलिस खात्यांची मार्गदर्शक तत्त्वे. जी तत्त्वे आज ‘जाचक’ म्हणून मोडीत काढली जात आहेत ती हीच.

निरपराध माणूस पळत नाही, हे दुसरे विधान तपासायला फार वेळ लागत नाही. आंतरराष्ट्रीय पोलिस प्रमुख संघटनेने गोळा केलेल्या पाठलाग-नोंदींवर आधारित २००८ च्या अहवालात सुमारे ९१ टक्के पाठलाग हिंसक नसलेल्या कारणांवरून सुरू झाल्याचे दिसते, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा वाहतुकीच्या नियमभंगांचा आहे. पळणारा काहीतरी लपवत असेलही; विमा नसतो, परवाना निलंबित असतो, खिशात गांजा असतो, मोटार चोरीची असते, किंवा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घाबरायला यांतले काहीच लागत नाही. यांपैकी कोणत्या गोष्टीसाठी पुढच्या चौकातील अनोळखी बाईचा जीव धोक्यात घालणे योग्य ठरते? समर्थक नेहमी डिकीत प्रेत असलेल्या खुन्याचे उदाहरण देतात. त्या खुन्याविषयी पोलिसाला आधीच खात्रीलायक माहिती असेल तर बहुतेक कडक धोरणेही पाठलागाला परवानगी देतात. माहिती नसेल तर शंभर जणांचा पाठलाग या आशेवर करायचा की त्यांच्यात एक खुनी सापडेल, असा या युक्तिवादाचा अर्थ होतो.

पळणाऱ्याला सोडून देणे म्हणजे पळण्याला बक्षीस देणे, या युक्तिवादाला प्रतिष्ठा मिळाली ती ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ या २००७ च्या निकालामुळे. जॉर्जियात २००१ साली ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७३ मैलांनी जाणारा एकोणीस वर्षांचा तरुण थांबला नाही. सुमारे सहा मिनिटांच्या पाठलागानंतर एका डेप्युटीने त्याच्या मोटारीला मागून धडक दिली, मोटार उतारावरून खाली जाऊन उलटली आणि तरुणाचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. धडक देणाऱ्याला मूळ गुन्हा कोणता हेही ठाऊक नव्हते. न्यायमूर्ती स्कालिया यांनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताच्या निकालपत्रात पोलिसांच्या मोटारीतील कॅमेऱ्याच्या चित्रफितीचा आधार घेतला, ती पाहून दुसरे मत संभवतच नाही असा पवित्रा घेतला आणि बेदरकारपणे पळणाऱ्यांना निसटू देण्याचा नियम केला तर तो अधिक बेदरकारपणाला उत्तेजन देईल, असे बजावले.

विरोधी मत देणाऱ्या एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी जो साधा प्रश्न विचारला तो आजही अनुत्तरित आहे. पोलिसांनी पाठलाग सोडला असता तर काय झाले असते? मोटारीचा क्रमांक पोलिसांना मिळालेला होता; दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला त्याच्या घरून ताब्यात घेता आले असते. चौकातील कॅमेऱ्याने टिपलेल्या क्रमांकावरून घरबसल्या मोबाईलवर ई-चलान आलेल्या मुंबई-पुण्याच्या वाहनमालकाला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रफितीविषयीचा आत्मविश्वासही टिकला नाही. डॅन काहान, डेव्हिड हॉफमन आणि डोनल्ड ब्रेमन या कायद्याच्या अभ्यासकांनी तीच चित्रफीत १,३५० अमेरिकी नागरिकांना दाखवली आणि त्यांचे निष्कर्ष ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झाले; बहुसंख्यांना न्यायालयाचे म्हणणे पटले, पण वंश, उत्पन्न, राजकीय कल यांनुसार मतांत ठळक फरक पडला. ज्यात वाद संभवत नाही असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मानले त्यात सामान्य नागरिकांचे मोठे गट वेगळे काही पाहत होते.

बेदरकारपणाला उत्तेजन कशामुळे मिळते, याचे उत्तर अंदाजाने देण्याचीही गरज नाही, कारण पळालेल्यांनाच ते विचारण्यात आले आहे. साउथ कॅरोलिना विद्यापीठातील जेफ्री आल्पर्ट यांनी न्याय विभागाच्या संशोधन संस्थेसाठी केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पोलिसांपासून पळाल्याबद्दल तुरुंगात असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले की पोलिसांनी पाठ सोडली असती किंवा थोडे मागे राहिले असते तरी त्यांनी वेग कमी केला असता. सुरक्षित वाटायला त्यांना शहरात सुमारे दोन चौकांचे आणि महामार्गावर सुमारे दोन मैलांचे अंतर पुरेसे वाटत होते. तुरुंगातील माणसाच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, अशी शंका निघेल. परंतु हीच माणसे वेगाला पोलिसांची चिथावणी लागत नाही असे म्हणाली असती, तर समर्थकांनी त्यांचे शब्द ठिकठिकाणी उद्धृत केले असते.

सगळेच पळतील, ही भीती अनुभवाच्या कसोटीवर उतरलेली नाही. मायामीच्या मेट्रो-डेड पोलिसांनी १९९२ मध्ये केवळ हिंसक गंभीर गुन्ह्यांसाठी पाठलाग असे धोरण स्वीकारले आणि पाठलागांची संख्या एका वर्षात २७९ वरून ५१ वर आली. ओमाहा शहराने १९९३ मध्ये उलट दिशेने जाऊन नियम सैल केले आणि ती १७ वरून १२२ वर गेली. मिलवॉकीत तिऱ्हाइतांच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये धोरण कडक झाले, २०१७ मध्ये ते सैल होताच पुढच्या वर्षी पाठलाग दुपटीहून अधिक वाढले. म्हणजे पाठलाग हे गुन्हेगारीच्या मागोमाग येणारे नैसर्गिक संकट नव्हे. तो धोरणाचा परिणाम आहे आणि त्याचा नळ पोलिस प्रमुखाच्या हातात असतो. ऑरलँडोने २००४ मध्ये अत्यंत कडक धोरण आणले, तेव्हा पहिल्या वर्षात अधिकाऱ्यांनी ४०,४६० वाहने थांबवण्याचा प्रयत्न केला आणि त्यांतील १०७ जण पळाले. धोरण जाहीर होते, वर्तमानपत्रांत छापलेले होते, तरी साडेतीनशेत एकसुद्धा पळाला नाही.

न्यूझीलंडचा दाखला पाठलागाचे समर्थक मोठ्या उत्साहाने देतात, कारण तिथे २०२० च्या बदलानंतर न थांबता निघून जाणाऱ्या चालकांची संख्या खरोखरच वाढली. ती वाढ नाकारण्याचे कारण नाही. मात्र न थांबणे आणि मरणे या दोन घटना एकाच तराजूत घालता येत नाहीत. पळालेल्यांची ओळख पटवण्याचे प्रमाण घसरल्याचे पोलिसांनीच सांगितले. त्याचा अर्थ रस्त्यावरचा पाठलाग थांबवताना त्याच्या जागी जो तपास उभा राहायला हवा होता, म्हणजे क्रमांकावरून मालकापर्यंत पोहोचणे, हवाई देखरेख, वाहन जप्त करण्याचे अधिकार, तो वेळेवर उभा राहिला नाही. तपास कमी पडला म्हणून तपास वाढवायचा, की पुन्हा रस्त्यावर माणसे मरू द्यायची? पोलिसांनी दुसरा मार्ग निवडला, हे त्या मार्गाच्या योग्यतेचे प्रमाण ठरत नाही.

राहता राहिला अधिकाऱ्याच्या हातांचा प्रश्न, आणि तोच या सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाठलाग सुरू झाल्यावर तो थांबवण्याचा निर्णय घ्यायला सर्वांत अयोग्य जागा कोणती असेल तर ती पाठलाग करणाऱ्या मोटारीतील चालकाची. सायरन वाजत असतो, बिनतारी यंत्रावर बोलायचे असते, वळणावर मोटार सांभाळायची असते, नजर पुढच्या वाहनावर खिळलेली असते आणि आज्ञा मोडल्याचा राग मनात असतो. हा त्या व्यक्तीचा दुर्गुण नव्हे, त्या परिस्थितीत कोणाचेही असेच होईल. म्हणूनच ब्रिटनमध्ये अधिकाऱ्याने पळणारे वाहन नजरेत ठेवून कळवणे हा प्रारंभिक टप्पा वेगळा मानतात आणि त्यापुढचा पाठलाग विशेष प्रशिक्षित चालकांनी, नियंत्रण कक्षाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली करायचा असतो. शल्यक्रियेआधी दुसऱ्या कोणी तपासणी-यादी वाचून दाखवावी या नियमाने शल्यविशारदाचा अपमान होत नसेल, तर परवानगी मागण्याने पोलिसाचा कसा होतो? शिवाय पाठलागात पोलिसही मरतात, आणि त्यांच्या विधवांना ‘त्याचे हात मोकळे होते’ हे ऐकून कोणते सांत्वन मिळणार आहे?

हात बांधल्याची ही तक्रार ज्या राज्यांत केली जाते तिथल्या बंधनांचे खरे स्वरूप पाहिले तर संताप येतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम १७००४.७ नुसार, एखाद्या पोलिस खात्याने पाठलागाविषयी लेखी धोरण स्वीकारले, ते कर्मचाऱ्यांना कळवले आणि ठरावीक प्रशिक्षण दिले की पळणाऱ्या वाहनाने कोणाला मारले किंवा जखमी केले तरी खात्याला नुकसानभरपाईपासून संरक्षण मिळते. त्या विशिष्ट पाठलागात अधिकाऱ्याने ते धोरण पाळले की पायदळी तुडवले, याने संरक्षणात फरक पडत नाही. इतकेच नव्हे, तर प्रत्येक अधिकाऱ्याने धोरण वाचून समजल्याची सही केलेली असलीच पाहिजे असे नाही, असेही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गार्डेना शहरासंबंधीच्या २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. म्हणजे कागद फाइलमध्ये असणे आणि प्रशिक्षण झालेले असणे पुरेसे आहे. ज्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे पोलिस जखडले गेल्याचा आक्रोश चालतो ती तत्त्वे तिथे प्रत्यक्षात खात्याची ढाल आहेत, आणि चौकात हिरव्या दिव्यावर पुढे निघालेल्या मोटारीत ज्यांची मुलगी मेली त्या आईवडिलांच्या हाती त्यांतून काहीही पडत नाही.

संयमाची मागणी पोलिसद्वेष्ट्यांची आहे, हा आरोप तर सरळ खोटा आहे. पोलिस प्रमुखांच्याच ‘पोलिस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की, हिंसक गुन्हा घडलेला असेल आणि त्या संशयिताकडून आणखी एक हिंसक गुन्हा लगेच घडण्याचा धोका असेल, अशा दोन्ही अटी पूर्ण होतील तेव्हाच पाठलाग सुरू करावा. शहरे चालवणाऱ्या, गुन्हेगारांशी आयुष्यभर गाठ पडलेल्या अधिकाऱ्यांच्या संस्थेला हे म्हणावे लागले. आणि सहा महिन्यांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोने नेमके उलट केले.

या दोन अटी शिफारस म्हणून पुरेशा नाहीत, त्या राज्यांच्या कायद्यात गेल्या पाहिजेत. पाठलाग हा प्राणघातक बळाचा वापर आहे असे कायद्याने लिहिले पाहिजे, त्याची परवानगी मोटारीबाहेरील वरिष्ठाने दिली पाहिजे आणि त्याने ‘थांबा’ म्हटल्यावर सायरन बंद झाला पाहिजे. प्रत्येक पाठलागाची नोंद, मूळ कारणासह, जाहीर झाली पाहिजे, कारण पोलिसांनी शेवटच्या क्षणी पाठ सोडली आणि अर्ध्या मिनिटाने अपघात झाला तर तो मृत्यू सरकारी आकडेवारीतून सहज निसटतो. धोरण मोडून केलेल्या पाठलागात मेलेल्या तिऱ्हाइताच्या कुटुंबाला शासनाने भरपाई दिली पाहिजे आणि कॅलिफोर्नियाचे १७००४.७ कलम त्यासाठी बदलले पाहिजे. ज्यांना हे मान्य नाही त्या लोकप्रतिनिधींनी आपल्या विधिमंडळात उभे राहून, एक चोरीची मोटार परत मिळवण्यासाठी वर्षाला किती तिऱ्हाईत मेलेले आपल्याला चालतील, तो आकडा सांगावा आणि तो कामकाजात नोंदवून घ्यावा.